कानसेनांची चौकशी

गाण्याचे शब्द कळत नसतील तर ते अश्लीलच असणार, हा सिद्धांत अमेरिकेत सरकारी खर्चानं तपासला गेला आहे. 'लुई लुई' हे रिचर्ड बेरीचं साधं गाणं. खलाशी गुत्तेवाल्याला सांगतो, प्रेयसीला भेटायला जमेकाला निघालोय. बस्स, एवढंच. पण १९६३ साली किंग्समेन बँडच्या जॅक इलीनं ते असं काही गायलं, की पोरांनी आपापल्या मगदुराप्रमाणे त्यात चावट ओळी ऐकल्या, कागदावर उतरवून फिरवल्या आणि अस्सल प्रत कुठली यावर हिरिरीनं वाद घातले. कागद आईबापांच्या हाती लागले. इंडियानाचे गव्हर्नर म्हणाले, रेडिओवर वाजवू नका. एफबीआयनं तर रेकॉर्ड वेगवेगळ्या गतींनी फिरवून ऐकली. (पगारी वेळेत रॉक ऐकायला मिळालं, हे भाग्य वेगळंच!) निष्कर्ष असा, की कुठल्याही गतीला काहीच कळत नाही. गायकाला जाऊन विचारण्याचा बाळबोध मार्ग कुणी पत्करला नाही. ध्वनिमुद्रणात ड्रमवाल्याच्या तोंडून खरोखरच एक शिवी निसटली होती म्हणतात. ती तेवढी या कानसेनांच्या कानांवरून गेली.