माल तिकडे, पैसेही तिकडेच

वऱ्हाडाला चार्जबॅक, म्हणजे दिलेले पैसे बँकेमार्फत परत ओढणं, नवा नाही. २१ मे १८५३ च्या तहाने निजामाच्या हातून अख्खं वऱ्हाड गेलं, ते एका बिलापायीच. बिल होतं हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेचं. हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा, पगार निजामाचा. ही फौज पोसायला निजाम तहाने बांधलेला नव्हता, हे खुद्द गव्हर्नर जनरल डलहौसीने लिहून ठेवलं होतं. थकबाकीची वसुली मात्र त्यामुळे थांबली नाही. वऱ्हाडच्या महसुलातून खर्च वजा जाता उरेल ते निजामाला मिळेल आणि दरसाल हिशेब दाखवला जाईल, असं ठरलं. १८६० मध्ये नवा कागद आला. त्यात पन्नास लाखांचं कर्ज माफ झालं आणि हिशेब मागण्याचा हक्क निजामाने सोडून दिला. आजच्या भाषेत सांगायचं तर न वाचता 'अटी मान्य'वर टिचकी मारली. पुढे निजामाचे दिवाण सालारजंग यांनी वर्षानुवर्षं कागद रंगवले, १८७६ मध्ये विलायतेलाही जाऊन आले, पण वऱ्हाड परत आलं नाही. तक्रारदार, वसुली अधिकारी आणि न्यायाधीश एकाच टेबलावर जेवत असले की असंच होतं.

आज अमरावतीच्या बिझीलँड या कापडबाजारातून ड्रेस मटेरियल उचलून पुण्याला पाठवणाऱ्या किंवा अकोल्यात घरी केलेल्या कुरड्या-सांडग्यांचे डबे नाशिकला धाडणाऱ्या माणसाला सालारजंग आठवायचं कारण नाही. त्याला फक्त एक मेल येते. दोन महिन्यांपूर्वीच्या अमुक ऑर्डरवर ग्राहकाने 'डिस्प्यूट' उभा केला आहे, रक्कम रोखली आहे, इतक्या दिवसांत पुरावे द्या. ही मुदत बहुधा आठवड्याच्या आसपास असते. मेल मात्र 'प्रमोशन्स'च्या कप्प्यात कर्जाच्या आणि गुडघेदुखीच्या तेलाच्या जाहिरातींमध्ये निवांत पडलेली असते. ग्राहकाला तक्रार करायला कार्ड नेटवर्कच्या नियमांनी बहुतेक प्रकारांत १२० दिवस दिलेले आहेत. तूर पेरून ती फुलोऱ्यावर येईपर्यंत त्याने विचार करावा आणि विक्रेत्याने सोमवारच्या सोमवारी उत्तर द्यावं, असा हा समतोल. मधल्या पंचायतीत ग्राहकाची बँक, कार्डाचं नेटवर्क, विक्रेत्याच्या बाजूची बँक आणि पेमेंट ॲग्रिगेटर असे चार पंच बसतात. चौघांपैकी एकानेही ती कुरडई पाहिलेली नसते.

कुरडई पाहिलेली नाही, म्हणूनच पंच कागद पाहतात, आणि इथेच आपला विक्रेता आपटतो. खरं कोण बोलतंय याचा शोध या पंचायतीत कुणी घेत नाही. तक्रारीवरचा क्रमांक आणि त्याला जोडलेला कागद यांची पत्रिका जुळते का, एवढंच बघितलं जातं. व्हिसाच्या यादीत 'माल मिळाला नाही' हा १३.१, 'वर्णनाप्रमाणे नाही' हा १३.३ आणि 'हा व्यवहार मी केलाच नाही' हा ऑनलाइन खरेदीपुरता १०.४. आपला माणूस क्रमांक न वाचता सगळ्यांना एकच उत्तर पाठवतो: कुरियरची पोचपावती आणि सोबत "साहेब, आमी इमानदारीनं धंदा करतो" असं चार ओळींचं निवेदन. तक्रार १३.३ ची असेल, तर ही पोचपावती कुचकामाची. माल मिळाला हे ग्राहक नाकारतच नाही. लाल मागवला आणि मरून आला, हे त्याचं दुखणं. तिथे ऑर्डरच्या दिवशी संकेतस्थळावर असलेला फोटो, वर्णन, मापं आणि पार्सल बंद करतानाचा सलग व्हिडिओ लागतो. ऑर्डर क्रमांक, माल, काट्यावरचं वजन आणि चिकटपट्टी असं सगळं एकाच दमात दिसणारा. कुरियरने स्वतः नोंदवलेलं वजन तर सोन्याहून पिवळं, कारण तो साक्षीदार विक्रेत्याचा नातेवाईक नसतो. उलट १३.१ मध्ये तो व्हिडिओ कितीही सुंदर असो, उपयोग शून्य. तिथे पत्ता, तारीख, सही किंवा डिलिव्हरीचा ओटीपी बोलतो.

ग्राहकाने आनंदाने पाठवलेला व्हॉट्सॲप निरोप हाही पुरावाच, पण त्यात वऱ्हाडीचा घोळ आहे. "दादा, पार्सल भेटलं, लय मस्त हाये" यापेक्षा स्वच्छ पोच जगात नसेल. पण निकाल देणारा कारकून चेन्नईत किंवा आणखी दूर कुठेतरी बसलेला असतो, आणि भाषांतराच्या यंत्राच्या हवाली केलं तर या वाक्याचा अर्थ पार्सलची व ग्राहकाची कुठेतरी गाठ पडली आणि भेट छान झाली, असाही निघू शकतो. तेव्हा निरोपाचं छायाचित्र आणि त्याखाली दोन ओळींचं साधं इंग्रजी भाषांतर जोडावं. मातृभाषेचा अभिमान दुकानाच्या पाटीवर मिरवावा, डिस्प्यूटच्या अर्जात नको. नावाचंही तेच. ब्रँड म्हणून आजीच्या हातची चव विकायची आणि कार्डाच्या स्टेटमेंटवर मात्र नवऱ्याच्या नावाची ट्रेडिंग कंपनी उमटू द्यायची, मग पिंपरीतला ग्राहक महिनाअखेरीस "हे अकोल्याचं कोण?" म्हणून बँकेला फोन लावतो. यात ना ग्राहक लबाड, ना विक्रेती. स्टेटमेंटवर दिसणारं नाव ॲग्रिगेटरकडून बदलून घेता येत असेल तर घ्यावं, नाहीतर पावतीवर ठळक लिहावं. हे पाच मिनिटांचं काम आहे, म्हणूनच ते वर्षभर राहून जातं.

यावर ग्राहकांचे कैवारी म्हणतील, मग ग्राहकाने काय नागवून घ्यायचं? रास्त आहे. अमेरिकेने १९७४ मध्ये कायदा करून कार्डधारकाला चुकीच्या बिलाविरुद्ध दाद मागायची सोय दिली, त्यामागे मोठ्या दुकानांसमोर एकटा पडणारा माणूस होता. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने अनधिकृत व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकाला, फसवणूक बाहेरच्याची असेल तर, तोट्यातून पूर्ण मोकळं केलं, दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम खात्यावर दाखवायला लावली आणि पुराव्याचा भार बँकेवर टाकला. हे सगळं योग्यच. फक्त भार टाकला की तो खाली घरंगळतो, हा निसर्गनियम परिपत्रकाला ठाऊक नव्हता. मोठ्या कंपनीत तो झेलायला एक अख्खा विभाग असतो. परतवाड्याच्या मधविक्रेत्याकडे एक मोबाइल असतो आणि तोही दुपारी पोट्ट्याच्या हातात. तरी एक ढाल या विक्रेत्याकडे आहे आणि ती बहुतेकांना माहीत नसते. ऑनलाइन कार्ड व्यवहाराला जादा पडताळणी ऑगस्ट २००९ पासून सक्तीची आहे. ओटीपी टाकून झालेला व्यवहार 'मी केलाच नाही' म्हणून परत आला, तर नेटवर्कच्या नियमांनी तो तोटा सहसा कार्ड देणाऱ्या बँकेचा असतो. अशा वेळी इमानदारीचं निवेदन लिहिण्याआधी ॲग्रिगेटरच्या डॅशबोर्डवर पडताळणीची नोंद शोधावी.

आणि विक्रेते तरी कुठे धुतल्या तांदळाचे? अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते ६५ मध्ये, लिव्हरपूलला कापूस मिळेना तेव्हा वऱ्हाडच्या मालाला सोन्याचा भाव आला. अमरावतीच्या नावावरून 'ऊम्रा' म्हणून तो तिथल्या बाजारात ओळखला जाई. त्या भरभराटीत हिंदुस्थानी गाठींमधून सरकी, माती आणि पाणीही समुद्रपार गेलं, बोभाटा इतका झाला की मुंबई सरकारने १८६३ मध्ये कापसातल्या फसवणुकीवर खास कायदा केला. म्हणजे १३.३ ची परंपरा आपलीही आहे. आज तिचा वारसा 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या पाटीत टिकून आहे. दुकानातली ही पाटी लोक जशीच्या तशी संकेतस्थळावर चिकटवतात. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष, वर्णनाशी न जुळणारा किंवा उशिरा पोचलेला माल परत घ्यायला नकार देता येत नाही. त्यामुळे ही पाटी पुरावा म्हणून जोडणारा विक्रेता स्वतःविरुद्धच साक्ष देत असतो. किती दिवसांत परत, कुणाच्या खर्चाने, खाण्याच्या मालाचं काय, हे सरळ मराठीत आणि इंग्रजीत लिहून पैसे भरण्याआधी ग्राहकाकडून मान्य करून घेतलेलं धोरण मात्र पंचायतीत उभं राहतं.

परदेशी ऑर्डर हा वेगळाच फराळ. न्यू जर्सीतल्या अमरावतीकराला चकली आणि अनारसे हवे असतात, कार्ड तिकडचं, ओटीपीचा पत्ता नाही, म्हणजे वर सांगितलेली ढाल बहुधा गळालेली. त्यात २०२५ चा ऑगस्ट उजाडला, अमेरिकेने स्वस्त पार्सलांची आयातशुल्कातली सूट काढली आणि आपल्या टपाल खात्याने तिकडे जाणारी बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं. सेवा पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला, दिवाळी पाच-सहा दिवसांवर आली असताना. 'दिवाळीपूर्वी पोच' असं छापून सप्टेंबरातच पैसे घेतलेल्या विक्रेत्याने १३.१ ला स्वहस्ते आमंत्रण दिलं होतं. माल न पोचल्याच्या तक्रारीचे १२० दिवस वचन दिलेल्या तारखेपासून मोजले जातात. म्हणून पार्सल निघेल त्या दिवशीच पैसे कापावेत, तारीख अंदाजे लिहावी, आणि अडकलं तर बँकेआधी आपणच ग्राहकाला कळवावं. जुन्या गिऱ्हाइकाबाबत एक बरी बातमी आहे. एप्रिल २०२३ पासून व्हिसाने १०.४ च्या तक्रारीत आधीच्या दोन निर्विवाद खरेद्यांना वजन दिलं आहे. त्या खरेद्या १२० दिवसांहून जुन्या, वर्षाच्या आतल्या आणि त्याच यंत्रावरून किंवा आयपी पत्त्यावरून झालेल्या हव्यात, शिवाय पत्ता किंवा खातं असं आणखी एक काही जुळायला हवं. गेल्या दिवाळीचा डेटा डिलीट करून फोनमध्ये जागा करणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

प्रत्येक लढाई लढावी का? वऱ्हाडी स्वाभिमान म्हणतो, लढावी. हिशेब म्हणतो, थांब. समजा ९०० रुपयांची ऑर्डर, त्यात माल आणि कुरियर मिळून ७२०, सुटले १८०. ही गेली की ७२० भरून काढायला तशा चार ऑर्डर फुकट कराव्या लागतात, आणि डिस्प्यूटचं शुल्क असेल तर पाचवीही त्यात जाते. वर जीएसटी भरलेला असेल तर बुडालेल्या रकमेपुरता तो परत देण्याची तरतूद त्या कायद्यात नाही. सरकारच्या लेखी विक्री झाली, विक्रेत्याच्या लेखी चोरी. तरी शेवटच्या पायरीपर्यंत जाणं, म्हणजे नेटवर्कच्या लवादापर्यंत, मूर्खपणाचं. तिथे हरणाऱ्याच्या माथी शेकडो डॉलरचं शुल्क येतं आणि त्यात कुरड्यांचा ट्रक येईल. कागद पक्का असेल तर पहिली फेरी नेटाने लढावी, कच्चा असेल तर मुकाट सोडावी. आणि तक्रार बँकेत गेल्यावर "जाऊ द्या ना भाऊ" म्हणत ग्राहकाला वेगळे पैसे कधीच परत करू नयेत. एक परतावा प्रेमाने जातो, दुसरा बँक कापते. परतावा आधीच दिला असेल तर त्याचा संदर्भ क्रमांक जोडावा, तोच सगळ्यात मजबूत पुरावा.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, कार्डच नको, कॅश ऑन डिलिव्हरी करू. करून पाहावं. तिथे ग्राहक दारावर "आता नको" म्हणतो आणि जाण्या-येण्याचं दोन्ही भाडं विक्रेता भरतो. घोडं मेलं ओझ्याने, शिंगरू मेलं हेलपाट्याने. यूपीआय म्हणाल तर तिथेही तक्रारींची यंत्रणा आहे, शिवाय फसवणुकीचा पैसा चार खाती फिरून चहावाल्याच्या खात्यात आला आणि ते खातंच गोठलं, अशी उदाहरणं देशभर घडली आहेत. तेव्हा पळून जायला रस्ता नाही. रात्री दुकान बंद करताना रोजमेळ लिहितात तशी दहा मिनिटं या कागदांना द्यायची.

निजामाकडे कागद होते, दिवाण हुशार होता, तरीही तो हरला, असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण १९३६ मध्ये निजामाच्या थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार', म्हणजे वऱ्हाडचा राजपुत्र, हा किताब मिळालाच, जमीन सोडून. आपल्या विक्रेत्यालाही केस हरल्याच्या दुसऱ्या दिवशी एक मेल येते: डिस्प्यूट हाताळण्याचा आपला अनुभव कसा होता, पाचपैकी तारे द्या.