‘ढगात जाणे’: एक विवेचन

बोलीभाषेत ‘ढगात जाणे’ म्हणजे इहलोकीचा कारभार आटोपणे, आणि संगणकाच्या व्यवसायात मात्र हाच शब्दप्रयोग दीर्घायुष्याची हमी म्हणून केला जातो. या दोन अर्थांत वाटते तेवढे अंतर नाही, हे ज्यांनी एखाद्या संस्थेचा सर्व्हर एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवला आहे त्यांना पटवून द्यावे लागत नाही. सर्व्हर म्हणजे इतर संगणकांनी मागितलेली माहिती रात्रंदिवस पुरवणारा संगणक, आणि क्लाउड म्हणजे असे हजारो संगणक बाळगून असलेल्या घरमालकाकडे घेतलेली भाड्याची खोली. आराखड्याच्या ज्या भागात नेमके काय चालते हे सांगण्याची गरज नसे, तिथे अभियंते ढगाचे चित्र काढून मोकळे होत, त्यावरून हे नाव रूढ झाले. प्रत्यक्षातला ढग जमिनीला घट्ट चिकटलेला असतो: ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात, रासायनिक कारखान्यांच्या शेजारी, त्याच्या इमारती उभ्या आहेत आणि आत यंत्रांसाठी अखंड एसी चालू असतो.

सामान हलवण्याच्या या कामाला ‘मायग्रेशन’ म्हणतात. सेकंदाला 100 मेगाबिट वेगाच्या जोडणीवरून 1 टेराबाइट माहिती पाठवायची, तर वाटेत एकदाही खंड पडला नाही असे धरूनही सुमारे 22 तास लागतात; तीच माहिती डिस्कवर भरून, डिस्क पिशवीत घालून डेक्कन क्वीनने पुण्याहून मुंबईला नेली तर काम सुमारे सव्वातीन तासांत होते, आणि वर कटलेटही खाता येते. हा विचार केवळ विनोदाचा नाही, कारण अॅमेझॉनने 2016 मध्ये 45 फूट लांबीचा, 100 पेटाबाइट माहिती मावणारा आणि ट्रकने ओढायचा कंटेनरच ग्राहकांच्या दारात पाठवण्याची सोय जाहीर केली होती. ढगात जाण्यासाठी ट्रक लागावा, याचे त्या व्यवसायात कोणाला विशेष वाटले नसावे.

सामानापेक्षा अवघड असतो तो पत्ता. डीएनएस ही 1983 मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी आखलेली व्यवस्था नावावरून सर्व्हरचा अंकी पत्ता सांगते; मात्र जगभरातले संगणक एकदा विचारलेला पत्ता ठरावीक काळ स्वतःजवळ टिपून ठेवतात. या मुदतीला टीटीएल म्हणतात, ती सेकंदांत मोजतात, आणि ती 86,400 असेल तर बिऱ्हाड हलल्यावरही दिवसभर काही पाहुणे जुन्याच घराची कडी वाजवत राहतात. जाणकार माणूस ही मुदत दोन दिवस आधीच 300 वर आणतो. बाकीच्यांना तिची आठवण टेम्पो निघाल्यावर होते, आणि मग निम्मी पत्रे जुन्या घरी, निम्मी नव्या घरी अशी जी अवस्था येते, ती निस्तरण्याचे काम साहजिकच पहाटे तीन वाजता करावे लागते.

मराठी माणसाच्या सामानात आणखी एक नाजूक जिन्नस असतो, तो म्हणजे देवनागरी. युटीएफ-८ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत साध्या रोमन अक्षराला एक बाइट, म्हणजे साठवणुकीचा एक कप्पा, पुरतो. देवनागरीत मात्र प्रत्येक अक्षराला तीन आणि त्याला जोडलेल्या काना-वेलांटीलाही वेगळे तीन. नव्या घराने हे तीन कप्पे तीन स्वतंत्र अक्षरे समजून मांडले की डोक्यावर तिरप्या रेघा असलेली अक्षरे जागोजागी दिसू लागतात आणि वार्षिक अहवाल रातोरात फ्रेंच शिकून आल्यासारखा वाटतो. हा आजार बरा होतो. मात्र देवनागरी न कळणाऱ्या कोठीत मजकूर जबरदस्तीने कोंबला, तर प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह येते, आणि मूळ अक्षर तिथे उरलेलेच नसल्यामुळे ते परत आणता येत नाही. काही संस्थांच्या बाबतीत जमाखर्चाचा तपशील प्रश्नचिन्हांत अधिक प्रामाणिक वाटेल, पण तो वेगळ्या अभ्यासाचा विषय आहे.

‘बॅकअप घेतला आहे ना?’ या प्रश्नाला, म्हणजे सुरक्षित प्रत काढून ठेवली आहे का या विचारणेला, सर्वत्र एकमुखाने होकार मिळतो. ती प्रत उघडून पाहिली आहे का, असे विचारताच सभा शांत होते. मायस्पेस या अमेरिकी कंपनीला 2019 मध्ये कबूल करावे लागले, की सर्व्हर हलवताना लोकांनी 12 वर्षांत चढवलेली गाणी हरवली आहेत. याउलट नेटफ्लिक्सने 2008 मध्ये असेच स्थलांतर सुरू करून ते 2016 मध्ये पूर्ण केले. तेवढ्या अवधीत मुंबईत एखादी चाळ पाडून तिचा पुनर्विकास होऊ शकतो, निदान कागदोपत्री.

घरमालकाचे गणितही पाहण्यासारखे असते. माहिती आत आणायला सहसा पैसे पडत नाहीत, बाहेर न्यायला पडतात; अभिमन्यूची अडचण ज्ञानाची होती, भाडेकरूची बिलाची असते. 2024 च्या सुरुवातीला गूगल, अॅमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट यांनी कायमचे सोडून जाणाऱ्यांसाठी हा निर्गमन-आकार माफ करण्याचे जाहीर केले.

एवढे सगळे पार पडल्यावरही जुना सर्व्हर ‘आणखी चार दिवस’ चालू ठेवला जातो. त्यावर नेमके काय चालते हे कोणालाच ठाऊक नसते. त्याला चिकटपट्टीने लावलेल्या कागदावर ‘बंद करू नये’ एवढेच लिहिलेले असते, आणि ते लिहिणारा केव्हाच दुसऱ्या नोकरीत स्थलांतरित झालेला असतो.