कॅपिटल अक्षराचे कैवारी

तिरोड्यासारख्या तालुक्याच्या गावी इंग्रजीची शिकवणी घेणाऱ्यांत ‘ग्रामरवाले सर’ हा स्वतंत्र वर्ग मानावा लागतो. कारण यच्चयावत वस्तू, माणसे आणि ठिकाणे सामान्यनाम व विशेषनाम या दोन कप्प्यांत बसवल्याखेरीज या वर्गाला अन्न गोड लागत नाही. एका जातीच्या सर्व वस्तूंना लागू पडते ते सामान्यनाम, जसे नदी. त्यांतील एकीलाच वेगळे काढते ते विशेषनाम, जसे वैनगंगा. मराठी मुलाला एवढे समजते. त्याची पंचाईत पुढे होते, कारण देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत आणि इंग्रजीत विशेषनामाचे पहिले अक्षर मोठे, म्हणजे कॅपिटल, काढावे लागते. त्यातही वारांना आणि महिन्यांना हा मान मिळतो, ऋतूंना मिळत नाही. साध्या सोमवारला कॅपिटल आणि तिरोड्याच्या उन्हाळ्याला स्मॉल, हा न्याय या भागातील एकाही विद्यार्थ्याला आजवर पटलेला नाही.

सरांच्या हाती इंग्रजी लग्नपत्रिका पडली, की वधूवरांच्या नावांआधी खिशातले लाल पेन बाहेर येते आणि जेवणाची वेळ कळण्यापूर्वी मे महिन्याचा एम दुरुस्त होतो. खरी अडचण गावाच्या बोलण्यात आहे. तिरोड्यात ‘प्लांट’ म्हटले, की ३३०० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्रच समजायचे. रूपाने सामान्यनाम असलेला हा शब्द येथे विशेषनामाची नोकरी करतो. उलट किराणा दुकानात ‘कोलगेट द्या, कोणत्याही कंपनीचे चालेल’ असे गिऱ्हाईक बिनदिक्कत सांगते आणि एका कंपनीचे विशेषनाम सबंध टूथपेस्ट-जातीला वाहून टाकते. सर स्वतः ‘फोटोकॉपी’ मागतात, दुकानदार काही क्षण थांबतो, मग ‘झेरॉक्स ना?’ असे विचारून काम करून देतो. गावाचे नावही साथ देत नाही: मराठीत तिरोडा, तर रेल्वेच्या इंग्रजी पाटीवर डीच्या जागी आर. विशेषनामाचा टी मोठा हवा, एवढेच नियम सांगतो; पुढच्या अक्षरांबाबत तो हात वर करतो आणि सरही त्या वेळी खडू शोधू लागतात.

या वर्गाची करडी नजर सर्वांत अधिक रजेच्या अर्जावर खिळते. ताप, मामाचे लग्न किंवा घरची रोवणी यांपैकी कारण कोणते आणि कितपत खरे, याची चौकशी होत नाही. ‘रिस्पेक्टेड सर’ मधला एस मोठा असला, की रजा मंजूर होते. वाक्याच्या मध्ये नुसते ‘येस, सर’ असे संबोधन आले, तर तो एस लहान लिहितात, हा नियम सरांना उत्तम ठाऊक आहे. मात्र अभ्यासक्रम मोठा असल्यामुळे तो शिकवण्यास त्यांना अद्याप सवड मिळालेली नाही.