आमचा आणि मर्लिनचा वाढदिवस

एक जूनला रात्री बारा वाजून दोन मिनिटांनी बँकेचा मेसेज आला. 'प्रिय ग्राहक, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.' त्यामागोमाग विमा कंपनी, सराफ आणि मागच्या दिवाळीत ज्याच्याकडून मिक्सर घेतला तो दुकानदार. सकाळी दहावीच्या ग्रुपवर पाहतो तर केकांचा खच पडलेला, कारण निम्म्या बॅचचा वाढदिवस एकाच दिवशी. परक्या माणसाने नऊ महिने मागे मोजले, तर त्याला प्रश्न पडेल की आदल्या गणपतीत या तालुक्यात नक्की चाललं होतं तरी काय?

काही चाललं नव्हतं. जे झालं ते शाळेच्या व्हरांड्यात झालं, आणि ते मला स्वच्छ आठवतं. गुरुजींनी उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगितला. बोटं कानाच्या पाळीला टेकली. म्हणजे सहा पूर्ण. मग तारीख विचारली. वडिलांनी आजीकडे पाहिलं. आजी म्हणाली, "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झालाय. बैलांच्या शिंगांचा रंगसुद्धा वाळला नव्हता." इतका पक्का पुरावा हल्ली सिव्हिल हॉस्पिटलही देत नाही. पण पोळा धरला तर सहाला तीन महिने कमी पडत होते आणि पटावरचं एक डोकं जात होतं. गुरुजींनी टाक दौतीत बुडवला, जनरल रजिस्टरात 'एक जून' लिहिलं, वर टीपकागद दाबला आणि म्हणाले, "पुढचा."

त्या एका दाबात माझी पत्रिका बदलली. नोकरीला लागलो ती त्याच तारखेवर. आता सरकारी नियम असा, की महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे एकतीस मेला आमच्या ऑफिसात एका शाल-श्रीफळात कुणाचंच भागेना. साहेबांनी एकच भाषण केलं, नावं तेवढी बदलून. आजीच्या हिशेबाने माझे तीन महिने बाकी होते. त्या तीन महिन्यांचा पगार गुरुजींच्या टीपकागदाने शोषून घेतला.

आता रिकामा वेळ आहे, म्हणून या तारखेचं संशोधन हाती घेतलं. अमेरिकेत अशा दिनदर्शिका निघतात ज्यांत एकही दिवस मोकळा सोडलेला नसतो. एक जूनला त्यांच्याकडे अनवाणी चालण्याचा दिवस आहे. नाणं उडवण्याचा आहे. डायनासोरचा आहे. आणि काहीतरी चांगलं बोलण्याचाही आहे. आपल्याकडे गोड बोलायला सांगण्याआधी समोरच्याच्या हातावर निदान तिळगूळ ठेवावा लागतो. तिकडे फुकटात काम होतं. अनवाणी दिवसाबद्दल मी काय बोलू? सातवीपर्यंत आम्ही तो रोज पाळला, फक्त त्याला दिवस म्हणतात हे कुणी सांगितलं नव्हतं.

हे दिवस ठरवतं कोण, याचाही शोध घेतला. बहुतेक वेळा कुणीतरी बसल्या बसल्या ठरवतं आणि बाकीचे पाळतात. आमच्या गुरुजींनी वेगळं काय केलं? उलट त्यांच्या दिवसावर मुख्याध्यापकांची सही आणि गोल शिक्का आहे.

आता सोबतीला कोण कोण आहे ते पाहा. मर्लिन मन्रो, लॉस एंजेलिस, १ जून १९२६. मॉर्गन फ्रीमन, १९३७. आणि आपली नर्गिस, १ जून १९२९. गंमत पुढे आहे. ज्या दिवशी कलकत्त्यात नर्गिस जन्मली, त्याच दिवशी, त्याच साली, कोल्हापुरात शांताराम, दामले, फत्तेलाल आणि मंडळींनी प्रभात फिल्म कंपनी काढली. प्रभात पुढे पुण्याला गेली, तिच्या स्टुडिओच्या जागेत आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. आर. माधवनचा जन्मही १ जूनचा, १९७०चा. तो शिकला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आणि २०२३मध्ये अध्यक्ष झाला त्याच फिल्म इन्स्टिट्यूटचा. ज्योतिषाला हे सांगितलं तर तो ग्रहांची मांडणी करत बसेल. मला मात्र दाट संशय आहे, की वर कुठेतरी एक गुरुजी बसलेत आणि त्यांच्याकडे एकच तारीख आहे.

यंत्रांनाही त्यांनी सोडलेलं नाही. डेक्कन क्वीन पहिल्यांदा धावली १ जून १९३० रोजी. पुण्यात दरवर्षी तिच्यासाठी केक कापतात, इंजिनाला हार घालतात, पासधारक फोटो काढून घेतात. एसटीची पहिली गाडी धावली १ जून १९४८ला, पुणे-नगर रस्त्यावर. राणीला केक, आणि लालपरीला? ती त्या दिवशीही नेहमीप्रमाणे खिडकीची काच वाजवत जाते. तिची जन्मतारीखही शाळेतलीच असती तरी तिने तक्रार केली नसती. निवृत्तीचं वय उलटूनही ती घाटात चढतेच आहे.

पण या सगळ्यांत मानाचं पान दुधाचं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २००१ साली एक जून हा जागतिक दूध दिन ठरवला. तो आपल्याकडे सर्वांत जोरात साजरा झाला २०१७ साली, आणि तोही नकळत. पुणतांब्यातून उठलेला शेतकऱ्यांचा संप त्याच दिवशी सुरू झाला आणि राज्यभर रस्त्यांवर दूध ओतलं गेलं. कुठे तरी वातानुकूलित सभागृहात दुधाचे गुणधर्म सांगणारी चित्रफीत चालू असेल, आणि इकडे कॅन उपडे होत होते. ज्याने गाईची धार काढली त्याला आज जागतिक दिन आहे हे कुणी कळवलं नव्हतं. त्याला फक्त भाव कळत होता. (याच तारखेला जागतिक पालक दिनही आहे, २०१२पासून. शाळेची फी भरायचा आठवडा पाहूनच तो ठेवला असावा.)

राहता राहिला पाऊस. केरळात मान्सून येण्याची सर्वसाधारण तारीखही एक जूनच. तो कधी आठवडाभर आधी येतो, कधी आठवडाभर उशिरा, आणि दरवर्षी वर्तमानपत्रं लिहितात की मान्सून लांबला. मला त्याची बाजू पटते. त्याचीही खरी तारीख कुठल्याशा पोळ्याच्या आगेमागे असेल. कागदावर कुणीतरी एक जून लिहून ठेवलंय आणि बिचारा आयुष्यभर उशिरा आल्याचं ऐकून घेतोय. अमेरिकेतला नाणं उडवण्याचा दिवस मात्र पेरणीच्या तोंडावर येतो, हे त्यांच्या नकळत चांगलं जमून गेलंय.

तर हे सगळं संशोधन वहीत उतरवून मी स्वयंपाकघरात गेलो. ही गॅसपाशी उभी होती, दूध तापत होतं. म्हटलं, "ऐकलंस का? माझा आणि मर्लिन मन्रोचा वाढदिवस एकाच दिवशी असतो."

हिने पातेल्यावरची नजर काढली नाही. म्हणाली, "तीही पोळ्यालाच झाली असेल हो. गुरुजींनी लिहिलं असेल."