जिकडे नाक, तिकडे नजर

नवा प्रोग्रेसिव्ह चष्मा नाकावर चढवताना दुकानदाराने बजावलं, "काका, डोळे फिरवायचे नाहीत, मान फिरवायची. जिकडे बघायचं तिकडे नाक." कडेला काचेतून सगळं वाकडंतिकडं दिसतं म्हणे. आता पन्नाशीनंतर माणसाने घुबड व्हायचं, हे इतक्या प्रेमाने मला कुणी सांगितलं नव्हतं.

घुबडाचे डोळे नळीसारखे लांबट, हाडाच्या कड्यात घट्ट बसलेले. खोबणीत जवळजवळ हलतच नाहीत. भरपाई म्हणून मानेत १४ मणके, त्यामुळे मुंडकं २७० अंशांपर्यंत वळतं. माझ्या वाट्याला डोळे तेवढे घुबडाचे आले. मणके सातच, त्यातले दोन झिजलेले.

एरवी आपली सोय किती छान! बाजूला काही हललं की डोळे नातवासारखे आधी पळतात, चार-पाच किलोंचं डोकं आजोबांसारखं मागून निघतं. ते पोचेपर्यंत डोळे तेवढेच उलटे सरकून नजर जागेवर धरतात. डोकं किती फिरलं याची वर्दी आतल्या कानातून डोळ्यांच्या स्नायूंना सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागात मिळते. नंबर बदलला की हा हिशेब चुकतो, आणि लहान मेंदू तो नव्याने जुळवेपर्यंत जिन्याच्या पायऱ्या नाचतात. ते एक वेळ चालेल. पण पंगतीत शेजाऱ्याच्या पानात किती जिलब्या पडल्या, हे पूर्वी डोळ्याच्या कोपऱ्यातून गुपचूप कळायचं. आता अख्खं मुंडकं वळतं. "एवढं काय न्याहाळताय?" समोरच्या पंक्तीतून बायको विचारते.

कबुतराला असला संकोच नाही. चालताना ते उगाच मान नाचवतं असं वाटतं; प्रत्यक्षात डोकं हवेत एका जागी रोखून धरतं, खालून अंग पुढे येऊ देतं आणि मग डोकं झटक्यात पुढे फेकतं. १९७८ साली कॅनडात बॅरी फ्रॉस्ट यांनी कबुतरांना ट्रेडमिलवर चालवलं. पाय चालले, पण आजूबाजूचं काहीच सरकेना, तेव्हा मान नाचायची थांबली.

डॉक्टरांनी सांगितल्यापासून मीही ट्रेडमिलवर चालतो. शेजारचा किती वेगाने चालतोय हे बघायला नियमानुसार नाक वळवलं, नाकामागे खांदा गेला, खांद्यामागे पाय. ट्रेनर ओरडला, "काका, मान सरळ!"

फ्रॉस्टसाहेबांच्या कबुतरांना हे सांगावं लागलं नव्हतं.