आशावादाला महागाई भत्ता

आमच्या सोसायटीतले अण्णा गेल्या आठवड्यापासून आशावादी झाले आहेत. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. रक्तदाब वाढला, तेव्हा मीठ आणि बातम्या दोन्ही कमी करा, असा सल्ला मिळाला. मीठ काही सुटलं नाही, बातम्या सुटल्या. आता पेपर आला की अण्णा अर्थविषयक पान न वाचताच रद्दीत टाकतात आणि फ्लॅटच्या जाहिरातींची पुरवणी घेऊन बाल्कनीत बसतात. म्हणतात, "इथं मंदी नाही बघ. प्रत्येक घर स्टेशनपासून पाच मिनिटांवर!"

अण्णा केंद्र सरकारचे पेन्शनर. कांदा वर गेला की आमच्या पोटात खड्डा पडतो आणि अण्णांच्या भत्त्याला पालवी फुटते. वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैच्या हिशेबानं. महागाईलाच पगारवाढ समजणाऱ्या माणसाला आशावाद शिकवायला डॉक्टर कशाला हवा होता?

पण अण्णांना का बोल लावा? ही शिकवण फार वरून आलेली आहे. २०१९ साल आठवा. एप्रिल ते जूनच्या तिमाहीत विकासदर ५ टक्क्यांवर आल्याची बातमी आली. ऑगस्टमध्ये मोटारींचा खप आदल्या वर्षीपेक्षा ४१ टक्क्यांनी घसरला. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी एक कारण सांगितलं: तरुण मंडळी हप्ते भरण्यापेक्षा ओला-उबरनं जाणं पसंत करतात. त्यांचे सहकारी मंत्री पीयूष गोयल म्हणाले, टीव्हीवरच्या आकडेमोडीत पडू नका, गणितानं आइनस्टाइनला गुरुत्वाकर्षण शोधायला मदत केली नव्हती. न्यूटनच्या वाटचं श्रेयही मंदीत गेलं. नंतर गोयलांनी चूक मान्य केली. आणखी एक मंत्री रविशंकर प्रसाद यांनी तीन चित्रपटांनी २ ऑक्टोबर या एका दिवसात १२० कोटी कमावल्याचा दाखला देऊन अर्थव्यवस्था ठणठणीत असल्याचं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी ते विधान मागे घेतलं. डिसेंबरात कांद्यानं शंभरी ओलांडली, तेव्हा लोकसभेत सीतारामन यांचं उत्तर आलं की मी कांदा-लसूण फारसा खात नाही. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक. दिल्लीत मात्र दरवर्षी नवी टोपली विणतात.

दुसरीकडे आमची चॅनेलं. त्यांचं कोंबडं मध्यरात्रीच आरवतं. बाजार जरा घसरला की पडदा लाल, 'हाहाकार', 'रक्तपात', आणि मागं युद्धपटाचं संगीत. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स ३,९३४ अंशांनी आपटला, तेव्हा आता सगळं संपलं असंच वाटत होतं. वर्षाच्या आत त्याच सेन्सेक्सनं ५० हजारांना हात लावला. मग तीच माणसं तसंच ओरडून पेढे वाटू लागली. मधल्या तिमाहीत देशाचं उत्पन्न जवळपास चोवीस टक्क्यांनी आकसलं होतं, हे पेढ्यांच्या डब्यावर छापलेलं नव्हतं.

मग विश्वास ठेवायचा कुणावर? मी चाकणच्या एमआयडीसीतल्या एका टपरीवर ठेवतो. टपरीवाल्या मावशींकडे ना तिमाही ना आकडेवारी. गेटवर कंपनी बंद ठेवण्याच्या दिवसांचा कागद लागला की त्यांना सगळं कळतं.

"ओव्हरटाइम गेला की पोरं आधी क्रीमरोल सोडतात," त्या गाळणी आपटत म्हणाल्या. "मग दोघांत एक चहा घेतात. त्याच्याही पुढं गेलं की उधारीची वही मागतात. चहा मात्र सोडत नाय कुणी."

एवढा अचूक निर्देशांक कुठल्या अहवालात सापडला तर मला कळवा.

"मावशी, इतक्या वाईट बातम्या येतात, धीर कसा धरता?"

"धीर कशाला धरायचा? पाचला शेगडी पेटवायची." दुधाच्या पातेल्याकडे बोट दाखवत त्या म्हणाल्या, "बातम्या ऐकायच्या त्या यात दूध किती टाकायचं ते कळावं म्हणून. जास्त टाकलं तर नासतं, कमी टाकलं तर गिऱ्हाईक जातं."

म्हणजे शेगडी पेटवणं हा झाला आशावाद आणि दूध मोजणं ही अक्कल. मंत्री म्हणतात, न मोजता ओता. चॅनेलं म्हणतात, शेगडीच विझवा. मावशी दोघांचं ऐकतात आणि माप आपलं वापरतात.

हे अण्णांना सांगावं म्हणून संध्याकाळी गेलो, तर ते रद्दीच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून बसलेले. आठवडाभराची टाकलेली अर्थविषयक पानं एकेक करून उलगडत होते.

"काय शोधताय?"

"भत्ता जाहीर झाला का ते बघतोय."

आता काय सांगणार? भत्त्याची बातमीसुद्धा त्याच पानावर येते.