सोडाल्यात बसून नॅनोफॅब चालवण्याचा सोपा मार्ग

जयपूरहून अजमेर रोडला लागलं की सोडाला येतं. डोक्यावर उन्नत रस्ता, खाली ई-रिक्षांची दाटी, आणि मे महिन्यात संध्याकाळच्या सुमारास पश्चिमेकडून येणारी आंधी, जी गॅलरीत वाळत घातलेल्या पांढऱ्या शर्टाचा बदामी शर्ट करून जाते. इथल्या भाड्याच्या खोलीत राहून जवळच्या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवणाऱ्या मराठी मास्तरांना आपल्या विभागात क्लीनरूम, म्हणजे चिप बनवण्याची धूळमुक्त खोली, असावी असं कधी ना कधी वाटतंच. त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका.

पैशांची काळजी प्रथम सोडा. फीत कापता येते अशा प्रत्येक वस्तूला आपल्याकडे पैसे मिळतात. स्पटरिंगचं यंत्र आलं की कुलगुरू येतात, नारळ फुटतो, फोटो निघतो. व्हॅक्यूम पंपाचं तेल, हेपा फिल्टर, चिलरचा कंप्रेसर, डीआय वॉटरच्या रेझिनच्या बाटल्या यांना फीत बांधायला जागा नसते, त्यामुळे त्यांचा इंडेंट ‘चर्चा करावी’ असा शेरा घेऊन परत येतो. यंत्राची वॉरंटी संपते त्या दिवशी तुमची खरी फॅब सुरू होते. बऱ्याच ठिकाणी ती त्याच दिवशी संपतेही.

आता थोडी आकडेमोड. जुन्या अमेरिकी मापाची ‘क्लास 100’ खोली म्हणजे एका घनफूट हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण फार तर 100. 1999 पासूनच्या आयएसओ मापात हिला वर्ग 5 म्हणतात आणि घनमीटरला 3520 कणांची मुभा देतात. साध्या शहरी हवेत हाच आकडा साडेतीन कोटींच्या घरात धरतात. सोडाल्यात मोजायला जाऊ नये, मोजणाऱ्या यंत्राचा जीव जाईल. शिवाय लिथोग्राफीला 21 अंशांच्या आसपास तापमान आणि 45 टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते. जयपूरच्या उन्हाळ्यात बाहेर 43 अंश आणि हवा हाडासारखी कोरडी, मुंबईच्या जुलैत नेमकं उलटं. ही हवा तासाला शेकडो वेळा गाळून फिरवायची, तीही रात्रंदिवस. ‘रात्री कोणी नसतं, मग एसी कशाला?’ असं लेखा विभाग विचारील. बंद करून बघा म्हणावं, सकाळी छतावरची धूळ सिलिकॉनच्या वेफरवर सापडेल.

म्हणून पहिली पायरी अशी: खोली बांधू नका. जयपूर–मुंबई सुपरफास्टचं तिकीट काढा.

पवईच्या आयआयटीत आणि बंगळूरच्या आयआयएससीत 2006 साली केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान खात्याच्या पैशांतून नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची उत्कृष्टता केंद्रं निघाली. नंतर 2008 पासून ‘इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्रॅम’ सुरू झाला, बोलीभाषेत ‘इनप’. कल्पना सरळ होती: देशभरातल्या कॉलेजांतल्या लोकांनी इथे यावं, शिकावं, प्रस्ताव मंजूर झाला तर याच यंत्रांवर आपलं काम करावं. पुढे ‘आयटूआय’ नावाने त्याचा नवा अवतार आला आणि दिल्ली, मद्रास, खरगपूर, गुवाहाटीच्या आयआयटीही त्यात आल्या. जवळचंच हवं असेल तर सोडाल्यापासून दोनेकशे किलोमीटरवर पिलानीला 1953 पासून ‘सीरी’ ही राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. तिथेही सेमीकंडक्टरची उपकरणं बनतात, पत्र पाठवायला हरकत नाही. प्रस्तावात मात्र ‘नॅनोतंत्रज्ञानाने समाजात क्रांती’ असं लिहू नका. किती वेफर, कोणता थर, किती जाडीचा, कोणत्या यंत्रावर, एवढं लिहा. वाचणाऱ्याला क्रांतीचे अर्ज रोज येतात.

दुसरी पायरी कपड्यांची. नवशिक्यांची दाणादाण इथेच उडते. चिकट चटईवर दोन्ही बुटांचे तळवे नीट टेकवायचे, उडी मारून ओलांडायची नाही. आधी केसांची टोपी, मास्क, मग हूड, मग सूट, मग पायातले मोजे, शेवटी हातमोजे. सूट जमिनीला लागता कामा नये. त्यामुळे दोन्ही बाह्या आणि एक पाय यांची एका मुठीत मोळी धरायची, बाकावर टेकून दुसरा पाय आत घालायचा आणि चेन ओढेपर्यंत श्वास रोखायचा. पहिल्या दिवशी बाही सुटतेच, फरशीला लागतेच, आणि मागे उभी असलेली एम.टेक.ची मुलगी अत्यंत नम्रपणे म्हणते, ‘सर, दुसरा सूट घ्या.’ घ्यावा. स्वस्थ बसलेला माणूससुद्धा मिनिटाला लाखभर कण अंगावरून सोडतो असं या धंद्यातलं जुनं कोष्टक सांगतं. प्राध्यापक असलात तरी कोष्टकात वेगळा रकाना नाही.

पावडर, काजळ, सुगंधी तेल घरी ठेवून या. घामातलं सोडियम ऑक्साइडच्या थरात शिरलं की ट्रान्झिस्टरचं वागणं सरकत जातं. 1960च्या दशकात याच सोडियमने मोठमोठ्या कंपन्यांना रडवलं होतं. जोहरी बाजारात सोन्याला जो मान आहे तो इथे विसरा. सोनं सिलिकॉनमध्ये झपाट्याने पसरतं आणि त्यातल्या वाहकांचा निकाल लावतं. सोनं लागलेला एक वेफर चुकून ऑक्सिडेशनच्या भट्टीत गेला, तर पुढचे कित्येक दिवस त्या भट्टीवर रांगेत असलेले सगळे तुमचं नाव विसरणार नाहीत.

एवढ्या एका ठिकाणी थट्टा बाजूला ठेवू. हायड्रोफ्लुओरिक आम्ल काच खातं, म्हणून ते प्लास्टिकच्या भांड्यात असतं. पातळ असेल तर त्वचेला लागल्याचं लगेच कळतही नाही, तोवर ते आतल्या कॅल्शियमपर्यंत पोचतं. कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल कुठे आहे ते पाहिल्याशिवाय त्या टेबलाशी उभं राहायचं नाही, आणि एकट्याने तर कधीच नाही.

तिसरी पायरी नेटवर्किंगची. नवशिक्याला वाटतं नेटवर्किंग म्हणजे परिषदेत कार्ड वाटणं. फॅबमध्ये नेटवर्किंग म्हणजे एचिंगचं यंत्र बंद पडल्यावर पवईहून दुसऱ्या फॅबला लावलेला फोन: ‘तुमचं चालू आहे का हो?’ चालू असतं, तेव्हा वेफर प्रवासाला निघतो आणि त्याची कुंडली मागितली जाते. कोणत्या भट्टीत होता, कोणता धातू लागला, आरसीए क्लीन झालं का, रेझिस्ट पुरता निघाला का. कुंडली जुळली नाही तर पेटी न उघडता परत. ज्यांनी रोजची नोंदवही नीट लिहिली त्यांचीच जुळते. म्हणून नोंदवहीत ‘रन ठीक’ असं लिहिणाऱ्याला पुन्हा स्लॉट देऊ नये, मग तो तुमचा स्वतःचा पीएचडीचा विद्यार्थी का असेना.

यंत्रं वाटून वापरायची असतात, हे बाहेरच्यांना आपल्यापेक्षा आधी कळलं. कॉर्नेल विद्यापीठात सगळ्यांसाठी खुली राष्ट्रीय फॅब 1977 सालीच उघडली. 2015 मध्ये अमेरिकेने 16 ठिकाणं जोडून जाळं उभं केलं, आणि त्यात यंत्रं सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांना दरवर्षी पारितोषिकंही ठेवली. आपल्याकडे 2020 मध्ये ‘आय-स्टेम’ हे राष्ट्रीय पोर्टल आलं, कोणत्या सरकारी संस्थेत कोणतं यंत्र आहे ते त्यावर सापडतं. पारितोषिकाचं मात्र कुणाच्या मनात आलेलं दिसत नाही. कुठल्या पंपाचा आवाज बदलला की दोन दिवसांत तो बसणार, हे ज्याला कळतं त्याची जागा अनेक संस्थांत वर्षावर्षाच्या करारावर असते. यंत्र कोट्यवधींचं आणि त्याच्या किल्ल्या पुढच्या मार्चनंतर असेल की नाही हे ठाऊक नसलेल्या माणसाच्या हातात, ही व्यवस्था कोणत्याही मापाने स्वच्छ म्हणता येणार नाही.

एवढं सगळं करूनही सोडाल्यात स्वतःची खोली काढायचीच असेल तर काढा. पण यंत्राच्या किमतीच्या प्रस्तावातच पाच वर्षांच्या देखभालीचे पैसे आणि टेक्निशियनची कायम जागा मागून घ्या, आणि ती मिळाली नाही तर यंत्रही नाकारा. विभागात आधीपासून एखादं धूळ खात पडलेलं यंत्र असेल तर त्याची खरी अवस्था आय-स्टेमवर नोंदवा. आणि जो टेक्निशियन आहे त्याच्या निवृत्तीची तारीख कार्यालयात विचारून त्याच्या हाताखाली याच सत्रात कुणाला तरी बसवा.